फुटामागे एक सूत

मिस्त्रींच्या पँटच्या मागच्या खिशातून दोन पोलादी पट्ट्या कायम वर डोकावत असत. एक आपल्या सगळ्यांकडे असते तशी, फूटभराची. दुसरीवरही बाराच इंच कोरलेले होते, पण दोन्ही शेजारी शेजारी धरल्या की दुसरी सूतभर लांब निघे.

"ही खरी आणि ही खोटी," ते नव्या माणसाला दाखवत. "माझं घर खोटीवर चालतं."

ते शिरोली एमआयडीसीत लाकडी पॅटर्न करायचे. फौंड्रीत जो भाग ओतायचा, त्याचा नमुना आधी लाकडात करतात. तो वाळूत दाबून साचा होतो आणि त्या साच्यात वितळलेलं लोखंड ओततात. लोखंड गार होताना आटतं, म्हणून लाकडाचा नमुना फुटामागे एक सूत मोठा ठेवायचा असतो. खोट्या पट्टीनं मापलं की तो मोठेपणा आपोआप येतो, हिशेब करावा लागत नाही.

"माणूसबी तसाच," मिस्त्री म्हणत. "घरात केवढाबी असू दे, कॅमेऱ्यासमोर आला की आटतो. म्हणून आदी सूतभर जास्त जगून घ्यायचं."

हे वाक्य मी ऐकलं त्याच दिवशी वहीत लिहून घेतलं. लिहिताना सूत म्हणजे किती हे मला माहीत नव्हतं. घरी जाऊन वडिलांना विचारलं. इंचाचा आठवा भाग, ते म्हणाले, आणि मला हे माहीत नाही याचं त्यांना थोडं वाईट वाटलेलं दिसलं. त्यांचं शिरोलीतच लेथचं छोटं वर्कशॉप आहे. मी मात्र पहिलीपासून इंग्लिश मीडियमची.

मिस्त्रींची आणि माझी ओळख आमच्याच घरात झाली. ते वडिलांकडे चहाला आले होते. इंग्रजीत एम.ए. करून मी घरी बसले होते, आणि पाहुणे आले की आत जाण्याची माझी सवय होती. त्या दिवशी उशीर झाला आणि मी सापडले. मिस्त्रींनी दोन प्रश्न विचारले. मी दोन्ही वेळा मान हलवली.

"ही बोलत न्हाई?" त्यांनी आईला विचारलं.

"लाजाळू आहे जरा," आई ओशाळून म्हणाली.

"झ्याक! मला असंच माणूस पायजे हुतं," ते म्हणाले, आणि बशीत चहा ओतत त्यांनी सांगितलं की ते एक सिनेमा करतायत.

वडिलांनी कप खाली ठेवला. मिस्त्री तेव्हा सत्तावन्न वर्षांचे होते. त्यांनी याआधी सिनेमातलं काहीही केलेलं नव्हतं. लाकूड सोडून त्यांना कशातलं काही कळतं असा कुणाचाही समज नव्हता.

माझ्याकडे दोन कामं होती. सिनेमाच्या खाली येणाऱ्या इंग्रजी ओळी लिहायच्या, आणि शूटिंग चालू असताना सगळं टिपून ठेवायचं: कोण कुठं बसलं होतं, कुणाच्या कपात किती चहा होता, पदर कुठल्या खांद्यावर होता. सिनेमावाले याला कंटिन्युइटी म्हणतात हे मला नंतर कळलं. मिस्त्री त्याला 'ध्यान' म्हणत. "ध्यानाची वही आण," अशी हाक आली की मी पळायची. पहिल्या दिवशी मी त्यांना सर म्हणाले. "सर कॉलेजात असत्यात," ते म्हणाले. "हितं मिस्त्री म्हणायचं."

सिनेमाची गोष्ट साधी होती. एका गावातले दोन भाऊ. घराच्या वाटणीवरून भांडण होतं आणि धाकटा कोल्हापुरात निघून येतो. थोरला स्वतः बोलवायला आल्याशिवाय गावात पाय ठेवणार नाही, असं म्हणून बसतो. म्हातारा बाप थोरल्याकडे राहतो. धाकटा रोज कामावर जातो, रोज परत येतो, आणि घरात बायको आणि मुलगी त्याच्या गप्प बसण्याखाली दिवस काढतात. एक दिवस बाप जातो. थोरला कळवत नाही. दुसऱ्याच कुणाकडून बातमी लागते, तोवर सगळं उरकलेलं असतं. धाकटा एकटाच न्हाव्याकडे जातो, मिशी काढतो आणि घरी येतो. बायको बघते आणि तिला कळतं. या शेवटच्या प्रसंगात एकही वाक्य नव्हतं. मिस्त्रींनी माझ्या वहीत सांगून लिहवून घेतलं होतं: "तो येतो. बसतो. ती बघते. भाकरी करपते."

ही गोष्ट त्यांनी पूर्ण अशी कुणालाच सांगितली नव्हती, काम करणाऱ्यांनाही नाही. "उद्या काय व्हणार हाय ते घरात कुणाला म्हाईत असतं व्हय?" असं त्यांचं म्हणणं. वहीमुळे मला माहीत होती. मी कुणाला सांगेन अशी भीती त्यांना नव्हती.

धाकट्याचं काम तानाजीमामांकडे होतं. ते फौंड्रीत भट्टीवर होते. छाती पहिलवानासारखी, आवाज मऊ, आणि मिशी अशी की शिफ्ट सुटताना गेटवरचा वॉचमन मिशीकडे बघूनच सलाम करायचा. बायको झालेल्या शोभाताई शिवणक्लास चालवायच्या. मुलीच्या कामाला कॉलेजातली एक मुलगी होती. कॅमेरा मिस्त्रींच्या पुतण्याचा. तो लग्नांचे व्हिडिओ करायचा आणि पहिले काही दिवस प्रत्येक चेहरा हळूहळू जवळ आणायचा. मिस्त्रींनी त्याला एकदाच सांगितलं, "हितं कुणाचं लगीन न्हाई."

मग ते सूतभर जास्त जगणं. राजारामपुरीच्या मागच्या बाजूला त्यांनी एक बैठं घर भाड्यानं घेतलं आणि शूटिंगच्या आधी दीड महिना पडद्यावरच्या या तिघांना रोज तिथं यायला लावलं. आपापली कामं सांभाळून यायचं, स्वयंपाक करायचा, जेवायचं, भांडी घासायची, भाजी आणायची. कॅमेरा कोपऱ्यात स्टँडवर उभा, वर टॉवेल टाकलेला. पंधरा दिवसांत सगळे त्याला विसरले. शोभाताई त्याला पिशवी अडकवायला लागल्या.

शेजारच्या घरात अक्का राहायच्या. साठीच्या, सीमेकडच्या माहेरच्या, उंच आवाजाच्या. घरात सिनेमावाले आलेत हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं. पण सिनेमावाले म्हणजे काहीतरी झगमगीत असणार अशी त्यांची कल्पना होती, आणि हे तर रोज पालेभाजी निवडत बसायचे. चौथ्या दिवशी त्या लोणचं घेऊन आल्या. आठव्या दिवशी शोभाताईंना म्हणाल्या, "तुझा नवरा लई गप असतो गं. माझा बी तसाच हुता." नवरा नाहीये हो माझा, असं शोभाताईंनी दोन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी सोडून दिलं. पुढं पुढं तर अक्का मागच्या दारानं थेट आत यायच्या. "मी आलो गं!" ही त्यांची हाक. आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःविषयी असंच बोलतात, मी आलो, मी गेलो. शाळेत मी एकदा तसं बोलले होते आणि वर्ग हसला होता. तेव्हापासून मी बोलण्याआधी वाक्य मनात तपासते. अक्कांनी आयुष्यात कुठलंही वाक्य तपासलेलं नव्हतं, आणि त्यांचं एकही अडलं नव्हतं.

शूटिंग सुरू झालं तेव्हा मिस्त्रींच्या कामाच्या तऱ्हा एकेक करून कळू लागल्या. ते 'ॲक्शन' म्हणत नसत. हळू आवाजात "ओता" म्हणत. आणि 'कट' तर त्यांनी कधीच म्हटलं नाही. फौंड्रीत लोखंड ओतायला घेतलं की मधे थांबत नाहीत. थांबलं तर आधीचं आणि नंतरचं एकजीव होत नाही, तिथंच चीर राहते. म्हणून काहीही झालं, कुणी वाक्य विसरलं, गल्लीत भोंगा वाजला, तरी ते थांबवत नसत. प्रसंग आपोआप विझेपर्यंत वाट बघत, आणि मग म्हणत, "गार झालं."

सगळ्यात विचित्र म्हणजे टेक चालू असताना ते कलाकारांकडे पाठ करून उभे राहायचे. डोळे मिटलेले, मान किंचित तिरकी. पुतण्या सुरुवातीला वैतागला. "काका, बघा तरी!"

"बघायला तू हाईस की. मी ऐकतो." ओतलेला भाग ते टिचकी मारून तपासत. आत पोकळी असली तर नाद बद्द येतो. माणसाच्या बोलण्याचंही तेच, असं त्यांचं म्हणणं. आणि खरोखर, कुणी किंचित जरी अभिनय केला तरी पाठमोऱ्या मिस्त्रींची मान हले. "बद्द हाय. परत."

माझ्या इंग्रजी ओळींनाही त्यांनी टिचकी मारली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. तरी रोज दुपारी मला समोर बसवून त्या मोठ्यानं वाचायला लावायचे. माझा आवाज आधीच बारीक, त्यात समोर तानाजीमामा आणि शोभाताई डबा खाता खाता ऐकतायत.

"हे कुठलं वाक्य?"

"शोभाताई म्हणतात ना, 'जेवून घ्या', ते."

"मग एवढं लांब का? ती एवढं बोलली न्हाई."

मी तिथं एक अख्खं सभ्य इंग्रजी वाक्य लिहिलं होतं. खोडलं. दोन शब्द ठेवले. परत वाचलं.

"आता आलं," मिस्त्री म्हणाले. मी तेव्हापासून बऱ्याच मोठ्या कंपन्यांसाठी सबटायटल्स लिहिली आहेत, अजून लिहिते. माझ्या ओळी आखूड असतात म्हणून मला कामं मिळतात. कुठं शिकलात असं विचारलं की मी शिरोली एमआयडीसी असं सांगते. लोकांना ती एखादी संस्था वाटते. मी दुरुस्त करत नाही.

शेवटच्या प्रसंगाला चार दिवस राहिले तेव्हा मिस्त्रींनी तानाजीमामांना बाजूला घेऊन मिशीचं सांगितलं. मामा खाली बसले.

"मिस्त्री, माझा बाप हाय अजून."

"म्हाईत हाय."

"बाप जिता असताना मिशी काढू? गावात कळलं तर लोक तोंडात शेण घालतील. आणि आप्पास्नी काय झालं म्हंजे?"

खोटी मिशी लावून ती काढायची, असं पुतण्यानं सुचवलं. मिस्त्रींनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मामांना जबरदस्तीही केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला वही घ्यायला सांगितलं आणि आम्ही एसटीनं कागलच्या पुढच्या मामांच्या गावी गेलो. आप्पा गोठ्यात म्हशीला पाणी दाखवत होते. ऐंशीच्या पुढचे, काटक. मिस्त्री चपला काढून समोर उभे राहिले.

"आप्पा, तुमच्या पोराची मिशी पायजे."

"कशाला?"

"पिक्चर करतोय. त्यात त्याचा बाप मरतोय."

आप्पांनी बादली खाली ठेवली. "आणि मी काय मेलो व्हय?"

"न्हाई, म्हणून तर इचारायला आलो. तुमी गेला असतासा तर इचारायचं कामच नव्हतं."

मला वाटलं आता आप्पा बादलीच उचलतात. पण त्यांनी विचारलं, "पोरगं रडतंय का त्यात?"

"न्हाई. बसतंय नुसतं."

"बरं हाय. रडतंय म्हणाला असता तर न्हाई म्हटलो असतो. त्याला रडाय येत न्हाई." आप्पांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "काढू दे मिशी. पर मी बघायला येणार. माझ्यामागं काय हुतंय ते कुणाला बघाय मिळतंय?"

येताना एसटीत मिस्त्री खिडकीबाहेर बघत बसले होते. इतका हट्टी माणूस, पण आप्पा नाही म्हणाले असते तर शेवट बदलायचा असं त्यांनी जातानाच ठरवलं होतं. मला तसं वहीत लिहून ठेवायला सांगितलं होतं.

शेवटच्या प्रसंगाच्या दिवशी, सकाळी अकराच्या उन्हात, सगळं तयार होतं. आता एकच टेक मिळणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. मिशी परत यायला दोन-तीन महिने लागले असते आणि घराची मुदत त्या आठवड्यात संपत होती. शिवाय शोभाताईंना मिस्त्रींनी काहीच सांगितलेलं नव्हतं. भाकऱ्या करत राहायचं, एवढंच. मामांना बिनमिशीचं त्या पहिल्यांदाच बघणार होत्या, आणि पहिल्यांदा हे एकदाच होतं. आप्पा आतल्या खोलीत पडद्यामागे खुर्चीवर बसले. मिस्त्री पाठ करून उभे राहिले. गल्लीतून कुणी आत येऊ नये म्हणून मामांनी आत आल्या आल्या पुढच्या दाराला कडी घालायची असं ठरलं होतं. मागच्या दाराची कडी बिघडलेली, म्हणून तिथं मला उभं केलं.

"कुणाला सोडू नकोस," मिस्त्री म्हणाले. "ओता."

मामा आले. डोक्याला टोपी, ओठांवर काही नाही. मी रोज बघत होते त्या चेहऱ्याऐवजी एक उघडा, लहान झालेला चेहरा. ते भिंतीला टेकून बसले. शोभाताईंनी वर बघितलं, आणि हातातलं पीठ हातातच राहिलं. तव्यावरच्या भाकरीतून वास यायला लागला. तेवढ्यात माझ्यामागून आवाज आला, "मी आलो गं!"

अक्का. हातात आमचं पातेलं, परत द्यायला आणलेलं. मी आडवी झाले. थांबा म्हणायचं होतं. ते मोठ्यानं म्हणून चालणार नव्हतं, आणि हळू कसं म्हणायचं ते मला सुचेना. मी मनात वाक्य तपासत होते. अक्कांनी माझ्या गालाला हात लावला, "सर की बाजूला पोरी," म्हणाल्या आणि आत गेल्या.

"अगं शोभा, भाकरी करपाय लागली की..."

आणि त्यांना मामा दिसले.

पुढचं मी वहीत टिपलेलं नाही, पण मला ते क्रमानं पाठ आहे. अक्कांनी पातेलं आवाज न करता खाली ठेवलं. चेहरा बघितला, टोपी बघितली. मग त्या शेगडीपाशी गेल्या आणि त्यांनी गॅस बंद केला. तवा उतरवला. परातीतल्या पिठावर ताट झाकलं. घरात माणूस गेलं की चूल पेटत नाही, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. दीड महिना एका प्रसंगाचा विचार करणाऱ्या मिस्त्रींनाही माहीत होतं. तरी आमच्यातल्या कुणालाच ते सुचलं नव्हतं. आम्ही भाकरी करपवत बसलो होतो.

अक्का शोभाताईंजवळ बसल्या आणि त्यांचे पिठाचे हात आपल्या हातात घेतले.

"कधी झालं?"

शोभाताईंनी मामांकडे बघितलं.

"आता हितं काय पेटवू नकोस. मी आणतो समद्यांसाठी." मग मामांकडे वळून त्या म्हणाल्या, "मी काय बघितलं न्हाई त्येंना. पर तुमी दोघं त्येंच्याबद्दल बोलायचासा ते ऐकलेलं हाय. चांगला माणूस हुता." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मामांनी मान खाली घातली. आप्पा म्हणाले होते त्याला रडायला येत नाही. येत होतं.

मी मिस्त्रींकडे बघितलं. पाठमोरे, डोळे मिटलेले. हा आवाज त्यांच्या गोष्टीतला नाही हे त्यांना पहिल्या हाकेलाच कळलं असणार. त्यांची मान जराही हलली नव्हती.

मग पडदा सरला आणि आप्पा बाहेर आले. त्यांना राहवलं नसावं.

"अगं बाई, मी हाय की अजून," ते म्हणाले.

अक्कांनी त्यांच्याकडे बघितलं. कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याकडे बघितलं, त्यावर आज टॉवेल नव्हता. शोभाताईंचे हात सोडून त्या उभ्या राहिल्या.

"जित्या माणसावर रडाय लावलंसा व्हय मला? मस्करी करायला मीच घावलो?" त्यांचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. म्हणून जास्त लागला. जाताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

पुतण्यानं टेक परत लावून बघितला आणि तो उडी मारून उठला. "काका, असलं जन्मात परत मिळणार न्हाई. अक्का कॅमेऱ्यात मधोमध आल्यात. पिक्चर झालं आपलं!"

"अजून न्हाई," मिस्त्री म्हणाले. "ती व्हय म्हणंपर्यंत ते आपलं न्हाई."

"आणि न्हाई म्हणाली तर?"

"तर पुसून टाकायचं."

"मग शेवट काय दाखवायचा?"

"शेवट न्हाई असं दाखवायचं. दार उघडतंय आणि पिक्चर संपतंय." हे सांगताना ते पट्ट्या पुसत होते. मी नंतर पुण्या-मुंबईच्या बऱ्याच मोठ्या आणि तत्त्ववादी माणसांबरोबर काम केलं. असं म्हणणारे पुष्कळ भेटले, करणारा हा एकच. त्या दुपारी त्यांनी पुतण्याकडून कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड काढून घेतलं आणि स्वतःच्या चष्म्याच्या डबीत ठेवलं, म्हणजे कुणाला मोह नको.

मी त्यांना सांगितलं की चूक माझी आहे, मला बोलता आलं नाही. सांगताना रडले. ते म्हणाले, "गप माणसाला राखणीला ठेवलं, ही चूक माझी. रडू नकोस." आणि ते स्वतः अक्कांकडे गेले. दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी परत गेले. आतून आवाज आला, "सिनेमावाल्यास्नी हितं जागा न्हाई." तिसऱ्या दिवशी ते मला म्हणाले, "माझ्यावर रागावली हाय. तुझ्यावर रुसली हाय. रुसलेलं माणूस दार उघडतं. तू जा."

मी गेले. खरंच उघडलं. अक्का बाजूला झाल्या नाहीत, उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"तुला म्हाईत हुतं?"

"हो."

"मग सांगितलं का न्हाईस?"

मी यावेळी वाक्य तपासलं नाही. "मला बोलता येत नाही अक्का. बोलायच्या आधी वेळ निघून जाते. पण तुम्ही गॅस बंद केलात तेव्हा मला तुम्हाला थांबवायचंही नव्हतं. आम्ही सगळे चुकलो होतो आणि तुम्ही एकट्या बरोबर होता." मी आणखीही काही म्हणाले. मिस्त्री कार्ड पुसायला तयार आहेत, हेही सांगितलं.

अक्का म्हणाल्या, "पिक्चरचं मग बघू. जित्या माणसाचं सुतक माझ्या तोंडून निघालंय. ते आदी फेडाय पायजे. त्या म्हाताऱ्यास्नी माझ्या घरात गोडाचं जेवाय आणा. माझ्या हातचं जेवले की झालं."

मी हे मिस्त्रींना सांगितलं. ते दुसऱ्या सकाळच्या पहिल्या एसटीनं जाऊन आप्पांना घेऊन आले. पुतण्या कॅमेरा घेऊन निघाला होता. मिस्त्रींनी त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवलं. "पोट घेऊन ये. कॅमेरा तिकडंच ठेव."

अक्कांनी पुरणपोळ्या केल्या होत्या, कटाची आमटी, वर तुपाची धार. आप्पांना पाटावर बसवून कुंकू लावलं. मामा त्यांच्या शेजारी बसले, बिनमिशीचे, आणि बाप-लेक दोघंही मान खाली घालून जेवले. अक्का वाढताना आप्पांना दर वेळी म्हणत होत्या, "घ्या की अजून एक." चौथ्या पोळीला आप्पा म्हणाले, "बाई, मेलो तेव्हा एवढं प्रेम नव्हतं, आता पोटानं मारतीस व्हय?" आणि अक्का त्या दिवसानंतर पहिल्यांदा हसल्या. मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं.

जेवण झाल्यावर मिस्त्रींनी चष्म्याच्या डबीतून कार्ड काढलं. पुतण्यानं लॅपटॉप आणून चटईवर ठेवला. अक्कांनी पदर तोंडाला लावून सगळं बघितलं. पडद्यावरच्या अक्का शोभाताईंचे हात धरतात तिथं त्या पुढं वाकल्या. टेक संपला. आप्पा सुपारी कातरत होते, ते थांबले.

"मी अशी दिसतो?" अक्का म्हणाल्या.

"अशाच," मिस्त्री म्हणाले.

"चांगली बाई दिसतोय की." त्यांनी डोळे पुसले. "घाला पिक्चरात. पर नाव घाला माझं. पुरं घाला, आडनावासकट. माहेरात माझ्या भावास्नी दिसू दे."

मिस्त्रींनी मान हलवली आणि हात धुवायचे राहिलेत म्हणून मागच्या मोरीवर गेले. हात त्यांनी जेवल्याबरोबर धुतले होते, मी बघितलं होतं. बघणं हेच माझं काम होतं. बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. मी दारापर्यंत गेले. ते पाठमोरे उभे होते, दोन्ही हात धारेखाली, आणि खांदे हलत होते. या सगळ्या दिवसांत त्यांनी एकदाही काळजी दाखवली नव्हती.

मी मागं सरकले. आतून अक्कांनी ओरडून सांगितलं, "मिस्त्री, नळ बंद करा की! पाणी निस्तं जाय लागलंय!"

"व्हय अक्का," ते म्हणाले, आणि तरी नळ आणखी थोडा वेळ तसाच वाहत राहिला.